मंगळसूत्र मिळालं, पोरगा अजून आतच आहे. तक्रार मागे घेऊ का?

पत्र थोडक्यात, ओळख लागेल असे तपशील बदलून:

"मी ४७ वर्षांची, ठाणे जिल्ह्यात राहते. आम्ही दोघंही नोकरी करतो. नऊ वर्षं एक मावशी आमच्याकडे पोळीभाजीला यायच्या. त्यांचा मुलगा सोसायटीतल्या गाड्या धुवायचा, सकाळी चावी घ्यायला हॉलपर्यंत यायचा. गेल्या ऑगस्टमध्ये बेडरूमच्या कपाटातून माझं अडीच तोळ्यांचं मंगळसूत्र आणि ११ हजार रुपये गेले. मिस्टर म्हणाले म्हणून मी पोलिसांत तक्रार दिली आणि संशय त्याच्यावर आहे असं सांगितलं. चार दिवसांत त्याला पकडलं, मंगळसूत्र त्याच्या मित्राच्या खोलीतून मिळालं, पैसे नाही मिळाले. पोलीस म्हणाले पोराने सगळं कबूल केलंय. कलम ३०५ (राहत्या घरातली चोरी) लावलंय असं कळलं. आम्ही मावशींना कामावरून काढलं, मग बाकीच्या पाच घरांनीही काढलं. नोव्हेंबरमध्ये त्याला जामीन मिळाला असं ऐकलं, मला वाटलं सुटला. आता एप्रिलमध्ये मावशी अचानक दारात. पोरगा अजून आतच आहे म्हणे, जामीनदार मिळत नाही, त्यांचा भाऊ जालन्याहून सातबारा घेऊन आला तर 'इथला माणूस आणा' म्हणून परत पाठवलं. दसऱ्याला एकवीसचा होईल तो. 'ताई, तक्रार मागे घेतली म्हणून एक सही द्या' म्हणाल्या. मिस्टर म्हणतात चोर तो चोर, कायदा त्याचं काम करेल, तू मध्ये पडू नकोस. मी तक्रार मागे घेऊ का? घेतली तर मी खोटं बोलले असं होईल का? नाही घेतली तर त्या पोराचं वाटोळं माझ्यामुळे, असंच ना?"

ताई, तुमचं पत्र वाचताना मी "जामीन मिळाला असं ऐकलं, मला वाटलं सुटला" या एका ओळीपाशी अडकले. तुम्हालाच काय, मलाही कितीतरी वर्षं असंच वाटायचं, पेपरात जामीन मंजूर असं वाचलं की झाला माणूस घरी. पण जामीन मंजूर होणं आणि जेलच्या दारातून बाहेर पडणं याच्या मधे एक जामीनदार लागतो, आणि पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईने तो आणायचा कुठून? जामीनदार म्हणजे रेशन कार्ड, आधार, पगाराची स्लिप नाहीतर घरपट्टीची पावती, कुठे कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, आणि हे सगळं ज्याच्याकडे आहे त्याने एक दिवस रजा टाकून कोर्टात जाऊन "हा पळाला तर पैसे मी भरतो" असं लिहून द्यायचं. मावशींच्या ओळखीत एवढी कागदपत्रं असलेली माणसं कोण? विचार करा. ज्या सहा घरी त्या काम करत होत्या तीच.

तेव्हा पहिली गोष्ट डोक्यातून काढा, ती म्हणजे तो आत आहे म्हणजे शिक्षा भोगतोय ही. त्याला अजून कुणी शिक्षा दिलेली नाही, कोर्टाने तर उलट त्याला सोडायला सांगितलंय, तेही नोव्हेंबरात. चोरीसाठी आत असता तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबरनंतरचे महिने तो ऐपत नाही म्हणून आत आहे. आणि असा तो एकटा नाही. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार म्हणजे चारातली तीन कच्चे कैदी, खटला चालायचा असलेली. सगळी जामीनदाराअभावी अडकलेली नसतात, पण मावशींच्या पोरासारखी त्यात भरपूर असतात.

जालन्याच्या मामाचं वाचून तर मला हसावं की रडावं कळेना, कारण हे भांडण सुप्रीम कोर्टात होऊन गेलंय, १९७८ साली. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी होता, त्याला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला, तर खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. गवंड्याला दहा हजार, १९७८ मध्ये! प्रकरण परत वर गेलं आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं चुकीचं ठरवलं. ते झालं ७८ मध्ये. मग ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं की स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह धरू नका. त्याच आदेशात असंही आहे की जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. नोव्हेंबर ते एप्रिल किती महिने झाले ते तुम्हीच मोजा.

मिस्टरांना हे वाचून दाखवा हवं तर. कायदा त्याचं काम करेल हे त्यांचं म्हणणं तत्त्व म्हणून बरोबर आहे, मला ते खोडायचं नाही. फक्त कायद्याचं काम काय काय आहे ते पूर्ण बघूया, अर्धंच नको. पकडणं हे जसं काम तसं वेळेत सोडणं हेही कामच, आणि पहिलं चार दिवसांत झालं, दुसऱ्याला पाच महिने कुणी हात लावलेला दिसत नाही.

आता कबुलीचं. "पोलीस म्हणाले त्याने कबूल केलंय" हे तुम्ही असं लिहिलंय की जणू विषय संपला. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, इंग्रजांनी केलेल्या पुरावा कायद्यापासून चालत नाही आणि नव्या कायद्यातही तसंच ठेवलंय. का ते सांगायला नकोच, कबुली कशी काढतात हे इंग्रजांनाही माहीत होतं. त्या कबुलीतला जेवढा भाग वस्तू शोधायला उपयोगी पडला तेवढाच चालतो, म्हणजे "अमुक खोलीत ठेवलंय" म्हणाला आणि खरंच तिथे मिळालं, एवढं. तुमच्या केसमध्ये मंगळसूत्र मित्राच्या खोलीत मिळालं. खोली मित्राची, मग मित्र कोण, त्याचा काय संबंध, पैसे कुठे गेले, हे प्रश्न उरतातच ना?

इथे माझी एक गोष्ट सांगते, विषय सोडून नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका केसमध्ये पंच होते. रस्त्यावरून चालले होते, हवालदार म्हणाले मॅडम पाच मिनिटं, आणि मी गेले. पंचनामा लिहून तयार होता. टेबलावर वस्तू मांडलेल्या होत्या आणि कागदावर लिहिलं होतं की आरोपीने आमच्या समक्ष काढून दिल्या. मी म्हटलं मी तर हे बघितलं नाही, तर ते म्हणाले मॅडम फॉर्मॅलिटी असते. आणि मी सही केली. घाई होती, भीती वाटली, वगैरे. चोर तोच असेल, बहुतेक होताच, पण मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्याची सही केली. म्हणून तुम्ही "खोटं बोलले असं होईल का" हा प्रश्न विचारलात तेव्हा मला तुमच्याबद्दल आदर वाटला, मी तेव्हा तो स्वतःला विचारला नव्हता.

मी असं म्हणत नाहीये की त्याने चोरी केली नाही. केली असेलही. घरात रोज येणाऱ्या पोराने कपाटात हात घालावा याचं दुःख आणि राग खरा आहे आणि मंगळसूत्र म्हणजे काही नुसतं सोनं नसतं. पण तुम्हाला नेमकं काय माहीत आहे? वस्तू गेली हे माहीत आहे, तो घरात यायचा हे माहीत आहे, ती परत मिळाली हे माहीत आहे. बाकीचं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं आहे. साक्षीला उभ्या राहाल तेव्हा हा फरक लक्षात असू दे, एवढंच.

आता मूळ प्रश्न, तक्रार मागे घेऊ का. ताई, ती तुमच्या हातात राहिलेली नाही. एफआयआर झाल्यापासून ती केस तुमची नाही, बोर्डावर महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक असं लागतं, तुम्ही त्यातल्या साक्षीदार. मावशींना ज्याने सांगितलं की एका सहीने होईल त्याने अर्धवट सांगितलं. काही गुन्ह्यांत फिर्यादीला तडजोड करता येते, पण त्यातही कायद्याची गंमत बघा. साधी चोरी असेल, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, तर मालकाला तडजोड करता येते. नोकराने मालकाची चोरी केली, ३०६, तर कोर्टाच्या परवानगीने येते. पण राहत्या घरातली चोरी, तुमचं ३०५, ते तडजोडीच्या यादीतच नाही. म्हणजे तो पोरगा तुमच्या पगारावर असता आणि ३०६ लागलं असतं तर तुम्हाला माफ करता आलं असतं, सोसायटीच्या गाड्या धुणारा होता म्हणून नाही. याच्यामागे काय तर्क आहे ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. यात एकच वाट उरते, ती हायकोर्टाची, आरोपीने अर्ज करायचा की केस रद्द करा, फिर्यादीची संमती जोडायची, आणि मग हायकोर्टाला पटलं तर. ज्यांना पंचवीस-पन्नास हजारांचा जामीनदार मिळेना त्यांना हायकोर्टाचा वकील करा म्हणणं मला तरी बरं वाटत नाही.

दुसरी वाट लोक हळूच सुचवतात, तुम्हालाही सुचवतील: साक्षीला उभं राहून "मला काही आठवत नाही" म्हणा. फितूर व्हा. हे करू नका, कितीही वाईट वाटलं तरी. एक तर कोर्टात शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, म्हणजे घरातल्या चोरीला जेवढी तेवढीच. पण शिक्षेची भीती बाजूला ठेवा. तुमच्या पत्राचा सूर बघता तुम्ही त्यानंतर अजून एका गोष्टीसाठी रात्र रात्र जाग्या राहाल, आणि ते मला नको आहे.

मग काय करता येईल? खोटं न बोलता बरंच करता येतं.

सगळ्यात आधी तो बाहेर यायचा प्रश्न. मावशींना सांगा की कोर्टाच्या आवारातच जिल्हा नाहीतर तालुका विधी सेवेचं ऑफिस असतं, तिथे जायचं. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि बायकांनाही मिळतो. बऱ्याच जिल्ह्यांत आता याच कामासाठी लोक अभिरक्षक म्हणून पूर्णवेळ वकिलांचं ऑफिस केलेलं आहे. जाणं जमत नसेल तर १५१०० हा नंबर आहे. वकिलाला एवढंच सांगायचं की जामीन अमुक तारखेला झाला, जामीनदाराअभावी अडकलाय, अट बदलायचा अर्ज करा: जामीनदाराऐवजी जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर सोडा, नाहीतर थोडी कॅश भरून घ्या आणि जामीनदाराला मुदत द्या, नाहीतर जालन्याचा मामा चालवून घ्या. सोबत त्या २०२३ च्या आदेशाचा दाखला. आणि केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, २०२३ पासून, त्यात जामिनाच्या रकमेसाठी मदत होते (२०२३ मध्ये मर्यादा ४० हजारांची होती), जिल्ह्याची समिती ठरवते. हे आपणहून कुणी सांगायला येत नाही, विचारावं लागतं, तेही दोन-तीन वेळा.

तुम्हाला सही द्यायचीच असेल तर ती इथे द्या. या अर्जासोबत फिर्यादी म्हणून तुमचं प्रतिज्ञापत्र लागू शकतं की आरोपीला या अटींवर सोडायला माझी हरकत नाही. यात एक अक्षर खोटं नाही. चोरी झाली नाही असं तुम्ही म्हणत नाही आहात, मला त्याला खटल्याआधीच आत ठेवायचं नाहीये असं म्हणताय. कोर्टावर ते बंधनकारक नाही पण वजन पडतं, सरकारी वकिलाच्या विरोधातला जोर कमी होतो. फक्त हे कागद मावशींच्या हातात परस्पर देऊ नका. वकिलामार्फत करा आणि सरकारी वकिलांना सांगून करा, कारण जामिनाच्या आदेशात बहुतेक वेळा साक्षीदारांशी संपर्क करू नये अशी अट असते आणि मावशी तुमच्या दारात आल्या याचाच उद्या कुणी साक्षीदारावर दबाव असा अर्थ काढला तर मिळालेला जामीनही जाईल. हे मावशींनाही नीट समजावा, त्यांना वाटेल ताई टाळतायत.

स्वतः जामीनदार राहू का असंही तुमच्या मनात येईल, तुमचा स्वभाव मला ओळखीचा वाटतो. राहू नका. फिर्यादीच आरोपीची जामीनदार हे कोर्टाला विचित्र वाटेल, आणि घरात जे होईल ते वेगळंच. आणि कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे असतात त्यांच्याकडे मावशी जाणार नाहीत हे बघा, बोगस कागद निघाले की आणखी एक केस. ती मात्र पक्की.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की अहो आता नवीन कायद्यात पहिल्यांदाच अडकलेल्याला एक तृतीयांश शिक्षेएवढे दिवस झाले की सोडतात. खरं आहे, जुन्या कायद्यात अर्धी लागायची, आता ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही त्याला एक तृतीयांश. पण हिशोब करा, ३०५ ची जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं, त्याचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. त्याची वाट बघत बसायचं का?

आणि खटला चालून दोषी ठरला तर? इथे मिस्टरांना धक्का बसेल. दोषी म्हणजे जेल असंच काही नसतं. १९५८ चा परिविक्षा कायदा आहे, लोक प्रोबेशन म्हणतात, त्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं आणि २१ वर्षांखालचा असेल तर कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवू नये हाच नियम आहे, पाठवायचा तर कारणं लिहावी लागतात, प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवावा लागतो. पण हे वय बघतात ते कोर्ट निकाल देतं त्या दिवशीचं, चोरीच्या दिवशीचं नाही. मावशी म्हणाल्या ना दसऱ्याला एकवीसचा होईल. म्हणजे दसऱ्याआधी निकाल लागला तर एक नियम, नंतर लागला तर तो आधार गेला, मग नुसती कोर्टाची मर्जी. तारखांवर तारखा पडतात त्या अशा महाग पडतात. तुमची साक्ष आली की पहिल्या समन्सला जा, मुदत मागू नका, ऑफिसात ऑडिट आहे वगैरे सांगू नका. त्या पोरासाठी तुम्ही करू शकाल अशा गोष्टींत ही मला मोठी वाटते आणि यात कुणावर उपकार नाहीत, साक्षीदाराचं कामच आहे ते. शिवाय याच कायद्यात, सोडताना त्याने फिर्यादीला नुकसानभरपाई द्यावी असं कोर्ट सांगू शकतं. तुमच्या ११ हजारांचा विषय तिथे काढता येईल, सरकारी वकिलांना आधी सांगून ठेवा.

एक कडू बोलते आता, रागावू नका.

मावशींवर गुन्हा दाखल नाही. त्यांचं नाव कुठल्याही कागदात नाही. त्यांना कामावरून आपण काढलं, कोर्टाने नाही, पोलिसांनी नाही. नऊ वर्षं जिच्या हातची पोळी खाल्ली तिची सहा घरं एका आठवड्यात गेली, म्हणजे पोराचा वकील आणि जेलमध्ये त्याला भेटायला जायचं रिक्षाभाडं ज्यातून आलं असतं तेच गेलं. कलम कुठलं? आरोप काय? तुम्हाला भीती वाटली हे मी समजू शकते, माझ्या घरात झालं असतं तर मीही पहिले पंधरा दिवस तेच केलं असतं. पण आठ महिने? तुम्ही पत्रात त्या पोराचं वाटोळं माझ्यामुळे झालं का असं विचारलंय, आणि त्यावर माझं उत्तर नाही असं आहे. चोरी झाली, तुम्ही तक्रार दिली, संशय खरा वाटला तो सांगितला, बरोबर केलंत. पुढचं बरंचसं व्यवस्थेने केलं. मावशींचं मात्र तुमच्याकडून झालंय, आणि नीट करणंही पूर्ण तुमच्या हातात आहे, त्याला हायकोर्ट लागत नाही.

लगेच परत कामावर घ्या असं मी म्हणणार नाही, वर म्हटलं तसं साक्ष व्हायच्या आधी ते अवघडही आहे, तुम्ही फिर्यादी आहात. पण बाकीची पाच घरं तर नाहीत ना फिर्यादी. त्यातल्या दोघींशी तरी बोला, की बाईवर आमचा काही आरोप नाही, नऊ वर्षांत चमचा इकडचा तिकडे झाला नाही. तुम्ही बोललात तर ऐकतील, कारण काढलं ते तुमचं बघून. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पोराचा फोटो फिरला असेल तर तोही काढायला सांगा, फिरलाच असेल, मला एकही सोसायटी माहीत नाही जिथे फिरत नाही. निर्दोष सुटला तरी तो फोटो कुणाच्या तरी गॅलरीत राहणार.

मिस्टरांशी कसं बोलायचं? ते दुष्ट नाहीत, त्यांना भीती ही आहे की आपण नरम पडलो तर उद्या कुणीही हात मारेल. त्यांना एवढंच सांगा की मी साक्ष देणार आहे, खरी देणार आहे, केस चालणार आहे, दोषी असेल तर दोषी ठरेल. फक्त तोवर तो बाहेर असेल, जसा उद्या आपल्या घरातला कुणी गाडीखाली माणूस आला म्हणून अडकला तर आपल्याला हवा असेल. आपल्याकडे सातबारा, पगाराची स्लिप, ओळखीचा वकील सगळं आहे, आपला पोरगा त्याच संध्याकाळी घरी जेवायला असेल, हे त्यांनाही माहीत आहे.

तुमचं उत्तर संपलं, पण हे सदर दुसऱ्या बाजूचे लोकही वाचतात, ज्यांचा भाऊ नाहीतर पोरगा आत आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. सहा-आठ महिने झाले की आतले जुने कैदी, कधी कधी वकीलसुद्धा सांगतात की कबूल करून टाक, भोगली तेवढी शिक्षा देऊन सोडतील. सोडतीलही, पण कबूल केलं म्हणजे दोषी ठरला, आणि मग सिक्युरिटी गार्डच्या नोकरीला जरी गेला तरी पोलीस व्हेरिफिकेशनला ते निघणार. खरंच केलं असेल आणि कबूल करायचंच असेल तर आधी वकिलाला प्रोबेशनबद्दल विचारा, त्या कायद्याखाली सोडलं तर शिक्षा झाल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही असं त्यात लिहिलेलं आहे. केलं नसेल तर कबूल करू नका, कंटाळून तर अजिबात नाही. आणि चार्जशीटची तारीख बघा, अशा गुन्ह्यात कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिल्यापासून साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण मागावा लागतो आणि ते येण्याआधी मागावा लागतो, एक दिवस उशीर झाला की गेला. पोरगा घटनेच्या दिवशी अठराच्या आतला असेल तर शाळेचा दाखला शोधा, आधारवरची जन्मतारीख पुष्कळांची अंदाजाने टाकलेली असते, अठराच्या आतला निघाला तर केसच बाल न्याय मंडळाकडे जाते आणि हा मुद्दा खटल्यात कधीही मांडता येतो.

ताई, एक राहिलंच. तुमचं मंगळसूत्र आठ महिने मुद्देमालात पडून असेल, त्याबद्दल पत्रात तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नसते, कोर्टात अर्ज केला की सुपुर्दनाम्यावर परत मिळतं, मागतील तेव्हा हजर करीन आणि तोवर विकणार मोडणार नाही असं लिहून द्यायचं. जाताना सोनाराची पावती न्या, ती नसेल तर ते गळ्यात असलेला एखाद्या लग्नातला फोटो न्या, आणि वजन एफआयआरमध्ये जे लिहिलंय तेच अर्जात लिहा, नाहीतर परत एक तारीख.